चादरीवरचा ठिपका

काजळीचा कण मोहरीहूनही लहान असतो. वाळलेल्या पांढऱ्या चादरीवर तो बसला, तर बोटाने पुसू नये; पुसला की त्याची रेघ होते. अलगद फुंकर घालावी, म्हणजे तो उडून जातो. हे मी ताईंना पाहून शिकलो.

मित्रांनो, मी एक जुना, कोळशावर चालणारा बॉयलर आहे. इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात मी पाणी तापवतो. नवा होतो तेव्हा माझे पितळी नळ चकाकत. मालक पाहुण्यांना सांगत, "हा आमच्या घरचा कमावता!" मलाही ते खरे वाटे.

धुतलेल्या चादरी माझ्या दारासमोरच्या अंगणात वाळत आणि माझ्याच धुराड्यातली काजळी त्यांच्यावर पडे. मालकांची थोरली बहीण, म्हणजे ताई, घडी घालण्याआधी प्रत्येक चादरीवर वाकून फुंकर घालत. ओल्या चादरीवर पडलेला कण मात्र चिकटून बसे. ती चादर पुन्हा धुवावी लागे. त्यासाठी पुन्हा गरम पाणी, पुन्हा कोळसा आणि पुन्हा काजळी. जे मी धूत होतो, तेच मी मळवत होतो.

पुढे कोळसा महाग झाला आणि हलकाही येऊ लागला. उन्हाळे असे तापू लागले, की माझ्यासमोर उभा राहणारा भट्टीवाला भोवळ येऊन खाली बसे. हवा अशी तापवणारी माझ्यासारखी धुराडी जगात किती असतील, कोण जाणे.

"छपरावर सोलर बसव रे आता," ताई म्हणत.

"पैसे कुठायत, ताई? एवढं वर्ष ढकलू."

"गेल्या वर्षीही ढकललंस. हात नाही दुखत तुझे?"

मालक हसून विषय टाळत. पैसे होते, पण ते फावड्याने माझ्या तोंडात जात होते.

मग ताईंना खोकला लागला. काही दिवस त्या इस्पितळात राहून आल्या. "आपल्याच चादरीवर निजले होते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात ठिपका होता."

मित्रांनो, पेटलेला बॉयलर स्वतःहून विझू शकत नाही. आम्हाला विझवायचे तुम्हालाच ठरवावे लागते, आणि कुणाची तरी छाती काळी होण्याआधी ठरवावे लागते.

आज सकाळी मालकांनी एक चादर ताईंपुढे धरली. "हा एक राहिला बघ."

ताई वाकल्या. त्यांनी ओठांचा चंबू करून फुंकर घातली. कण हलला नाही. त्यांनी पुन्हा घातली. नुसती शिट्टीसारखी घरघर ऐकू आली.

"तूच उडव बाबा," त्या हसत म्हणाल्या. "माझं भांडवल संपलं."

मालकांनी फुंकर घातली. कण सहज उडाला. ते मात्र कितीतरी वेळ ताईंकडेच पाहत राहिले. मग माझ्या दारात आले. भट्टीवाल्याने भरलेले फावडे उचलले होते.

"ठेव ते खाली," मालक म्हणाले. "हा बॉयलर आता पेटवायचा नाही."