जिना चढल्याशिवाय सॅक नाही

दुकानाच्या वेबसाइटसाठी दादाने इतिहास लिहून आणला. त्यात पहिल्याच ओळीत बाबा शिखरावर उभे राहून स्वप्न वगैरे बघत होते. मी म्हटलं, "दादा, फेकायचं तर जरा जपून फेक. बाबा त्या दिवशी शिखरावर पोचलेच नव्हते."

झालं होतं ते असं. तरुणपणी बाबा मित्राची सॅक घेऊन डोंगर चढत होते. अर्ध्या वाटेवर तिची शिवण उसवली, बूड फाटलं आणि आतलं सामान उताराला लागलं. पातेलं दरीत गेलं, झाकण तेवढं हातात राहिलं. तसेच खाली उतरून ते दिसेल त्या पहिल्या शिंप्याच्या दुकानात शिरले. शिंपी जेवायला गेला होता आणि मशीनवर त्याची मुलगी होती. तिने सॅक उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ही शिवली कुणी? आणि एवढं ओझं कशाला? डोंगरावर कायमचे राहायला निघाला होतात का?"

तीच आमची आई. तिने सॅक अशी शिवून दिली की मित्राला ती परत करायचं बाबांच्या जिवावर आलं. पुढे दोघांचं लग्न झालं, दोघं सॅक शिवून विकायला लागले, मग तंबू आले, बूट आले, विंडचीटर आले. ते झाकण अजून गल्ल्यामागच्या खिळ्याला लटकतंय. दादाला ते काढून तिथे टीव्ही लावायचाय. लावून बघच म्हणावं.

दुकानाचा नियम एकच, आणि तो आईचा. सॅक हवी असेल तर तिच्यात वाळूच्या पिशव्या भरायच्या, ती पाठीवर घ्यायची आणि गच्चीपर्यंत जिना चढून खाली यायचं. आई खाली स्टुलावर बसते आणि उतरणाऱ्याचा चेहरा बघते. कठड्याला हात लावला की ती सॅक मिळत नाही. लहान घ्या, म्हणते. कितीतरी गिऱ्हाइकं तणतणत निघून गेली. बरीचशी चार दिवसांनी परत येऊन मुकाट्याने जिना चढली. बाबा अधूनमधून डोंगरावर जायचे. आई एकदाही गेली नाही. दुकानात कुणीतरी लागतंच ना.

गेल्या महिन्यात बाबांनी जाहीर केलं, "सॅक फाटली त्या जागी एकदा जाऊन यायचंय. एक रात्र तिथेच राहतो. पुढच्या वर्षी हे गुडघे मला नेतील असं वाटत नाही." आणि ते आपल्याच दुकानातली सॅक खुंटीवरून काढायला लागले.

"जिना," आई म्हणाली.

आम्हाला हसू आलं. आईला आलं नाही. तंबू, अंथरूण, पाणी मिळून होईल तेवढी वाळू बाबांनी भरली आणि चढले. उतरताना शेवटच्या वळणावर गुडघा लटपटला आणि हात कठड्यावर गेला.

"नाही मिळणार," आई म्हणाली.

बाबांनी सॅक पुन्हा खुंटीला लावली आणि मागच्या खोलीत बुटांना मेण चोळत बसले. मी येते, ओझं मी घेते, असं मी म्हणून पाहिलं. "पोरीच्या जिवावर डोंगर चढायचा? नको," म्हणाले. मला आईचा असा राग आला की विचारू नका.

"आई, अगं ते काय गिऱ्हाईक आहेत?"

"गिऱ्हाईक पडलं तर मला वाईट वाटेल," ती म्हणाली. "हे पडले तर मी काय करू?"

आठवडाभर आई-बाबा एकमेकांशी फक्त मालाबद्दल बोलत होते.

मग एका सकाळी मी शटर वर केलं तर स्टूल रिकामं, आणि जिन्यावर धपधप पावलं. आई उतरत होती. पायात बूट, पाठीवर मोठी सॅक, चेहरा घामाने डबडबलेला, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर.

"अहो," तिने मागच्या खोलीकडे हाक मारली, "इकडे या. स्टुलावर बसा आणि माझा चेहरा बघा."

बाबा येऊन बसले.

"तंबू आणि अंथरुणं माझ्याकडे," आई म्हणाली. "तुम्ही पाणी आणि बिस्किटं घ्या. लहान सॅक मिळेल तुम्हाला."

"आणि दुकान?"

"पोरं बघतील. नाहीतर राहू दे बंद."

बाबांना तिचा चेहरा नीट दिसला असेल असं मला वाटत नाही, त्यांचे डोळे भरून आले होते. पण उठून त्यांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा मात्र घट्ट केला.

पुढचं मला बाबांनीच सांगितलं. ती जागा काही बघण्यासारखी नाही. एक दगड, थोडं गवत आणि खाली दरी. आई दम खात उभी राहिली, मग वाकून बराच वेळ खाली बघत होती. बाबांना वाटलं, घाबरली.

"काय बघतेस?"

"पातेलं दिसतंय का ते."

मग सॅक उतरवून ती दगडावर टेकली, बाबांना शेजारी बसायला जागा करून दिली आणि म्हणाली, "बरं झालं फाटली."