हेमांगीचे होकार

"परक्या मुलखात चाललीयेस बाई. कुणी काही म्हटलं तर तोंड वाकडं करायचं नाही. मान डोलवायची, हसायचं आणि हो म्हणायचं. हो म्हणणाऱ्याचं कुठं अडत नाही," असं हेमांगीच्या आईनं बार्शीच्या स्टँडवर तिला बजावलं होतं. म्हणून जपानातल्या चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या कुवाबारा-सान तिच्या खोलीची खिडकी न्यायला आल्या, तेव्हा हेमांगीनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

खिडकी जड नव्हती. चौकटीसकट, काचेत दिसणाऱ्या समोरच्या छपराच्या तुकड्यासकट ती भिंतीतून अलगद सुटून आली. कुवाबारा-साननी ती निळ्या फडक्यात बांधली, गाठ मारली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"परवा जिन्यात तुम्ही लगेच हो म्हणालात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या न्हाणीघरात उजेडच नाही हो."

हेमांगीला जिना आठवला. बाईंच्या पिशवीतून बाहेर आलेली कांद्याची पात आठवली. बाई बराच वेळ काहीतरी सांगत होत्या आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की ही मान डोलवून "हाय" म्हणत होती. हाय म्हणजे हो. पुण्यात सहा महिने क्लास करून आलेल्या हेमांगीच्या तोंडून वेळेवर बाहेर पडणारा तेवढा एकच शब्द होता.

असं होतं बघा, की मागायला आलेल्या माणसाचं बोलणं तिला अजिबात कळत नसे. न्यायला आलेल्या माणसाचं मात्र अक्षर न् अक्षर कळे. याचं तिला नवल वाटलं नाही, लाज वाटली. आता "मला कळलं नव्हतं" म्हणायचं, म्हणजे परवा आपण खोटी मान डोलवली हे कबूल करायचं. शिवाय शब्द कळून दिला काय नि न कळता दिला काय, शब्द तो शब्दच. त्यांच्या, कुलथ्यांच्या घरात घेतलेला नेम कुणी टाकत नसे.

खिडकी गेल्यावर भिंत मिटली. जेवणाआधी पहिला घास कावळ्याला ठेवायचा, हा हेमांगीचा आठव्या वर्षापासूनचा नेम. त्या दुपारी घास कुठं ठेवावा ते तिला कळेना. तो ताटाच्या कडेला तसाच राहिला आणि शेवटी तिनंच तो खाल्ला, घाईघाईनं, खाली मान घालून, कुणी बघत नव्हतं तरी.

खोली सहा चटयांची होती. तिकडं जमिनीवर गवताच्या जाड चटया बसवलेल्या असतात आणि खोली किती मोठी ते त्यांच्यावरूनच सांगतात. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी एक चटई घेऊन गेला. त्यानं ती खालच्या जमिनीसकट गुंडाळली, तशा भिंती पाहुण्याला जागा करून द्यावी इतक्या अदबीनं एक पाऊल आत सरकल्या. सहाव्या दिवशी इस्त्रीच्या दुकानातल्या आजीबाई दोन घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्यासारखी मुलगी आजकाल मिळत नाही." हेमांगी हाय म्हणाली. सातव्या दिवशी त्या आणखी दोन घेऊन गेल्या.

भाषेच्या शाळेतही तेच. निशिओ सर धडा संपला की सगळ्यांकडे बघून काहीतरी विचारत आणि हेमांगीची मान सगळ्यात आधी हले. तिच्या शेजारी नेपाळातल्या पोखऱ्याची प्रमिला थापा बसायची. दोघी हिंदीत बोलत आणि अडलं की हातवाऱ्यांवर येत.

"तुझी मान काय स्प्रिंगवर बसवलीय?" प्रमिला म्हणाली. "सर काय म्हणाले ते तरी कळलं?"

"थोडंसं."

"थोडंसं! तुझी खुर्ची दुसऱ्या वर्गाला दिली तर चालेल का, असं विचारत होते."

दुसऱ्या दिवशी खुर्ची नव्हती. हेमांगी भिंतीला टेकून उभ्यानं शिकू लागली. उभ्यानं शिकणं ही तिच्या देशाची रीत असावी असं समजून कुणी विषय काढला नाही.

"वाकारिमासेन म्हणायला शीक," प्रमिलानं तिला मधल्या सुट्टीत कोपऱ्यात घेतलं. "नाही कळलं, बस्स. मी दिवसातून शंभरदा म्हणते. माझ्या खोलीत येऊन बघ, सहाच्या सहा चटया जागच्या जागी."

"मला लाज वाटते गं."

"वाटू दे की! लाज वाटली म्हणून कुणी मेलं नाही. खोली गेली तर झोपशील कुठं, माझ्या डोक्यावर?"

हेमांगी हसली आणि तिनं मान डोलवली.

रविवारी खोलीत एकच चटई उरली होती. गुडघे पोटाशी घेतले की पाठ एका भिंतीला लागे आणि पावलं दुसऱ्या. ती तशी बसलेली असताना कुवाबारा-सान दारात आल्या. आज त्यांच्या हातात पिशवी नव्हती. त्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसल्या आणि बोलू लागल्या. हेमांगीला त्यातलं काही कळेना, म्हणजे बाई काहीतरी मागायला आल्या होत्या. ती तोंड उघडणार तोच फोन वाजला.

"अगं, शैलामावशी आलीय," आईचा आवाज लाडात आला होता. "मी सांगितलंय तिला, आमची हेमा तिकडं भराभरा बोलते म्हणून. सगळं कळतं ना आता?"

"कळतं की."

"माझं लक्ष तुझ्याकडेच आहे हो. परीक्षा पार पडेपर्यंत साखर सोडलीय मी. आणि घास ठेवतेस ना?"

"ठेवते ना. रोज."

"कॅमेरा लाव की. खोली बघू दे मावशीला."

"नेट नाही गं नीट." तीन वाक्यं, तिन्ही खोटी. हेमांगीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मागं कोण बोलतंय?"

"शेजारच्या बाई."

"अगोबाई! दे, दे त्यांना!"

हेमांगीनं फोन पुढं केला. कुवाबारा-साननी तो दोन्ही हातांत घेतला आणि आपलं बोलणं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्या मध्ये थांबल्या, तशी बार्शीहून आई लेकीकडून शिकलेला एकुलता शब्द ठणठणीत आवाजात म्हणाली, "हाय!" पुन्हा थांबल्या, पुन्हा "हाय! हाय!" मागून शैलामावशी खिदळली, "सुलभे, तू तर तिकडचीच झालीस की गं!"

कुवाबारा-साननी फोनला वाकून नमस्कार केला, डोळे पुसले आणि त्या निघून गेल्या.

आईनं कशाला होकार दिला? हेमांगीनं मनातल्या मनात बार्शीच्या घरातून फेरी मारली. देवघर, शिलाई मशीन, बाबांचा फोटो, आईचे दुखरे गुडघे. यातलं काय न्यायला येतील?

सोमवारी सकाळी कुवाबारा-सान काळा पोशाख करून, हातात प्रवासाची बॅग घेऊन दारात उभ्या होत्या. आज त्यांचा शब्द न् शब्द कळला.

"मी बार्शीला निघाले. तुमच्या आईंना आणायला."

"आईला? कशासाठी?"

"आमचे हे मागच्या टेकडीवर बसून अकरा वर्षं गोष्ट सांगताहेत. समोर हुंकार द्यायला कुणीतरी लागतं. हुंकार मिळाला नाही तर ते थांबतात, आणि ते थांबले की गावात काहीच पुढं सरकत नाही. आजवर माझी बहीण बसायची. ऐकून ऐकून ती कागदासारखी पातळ झाली. शनिवारी वारा सुटला होता. तिचा शेवटचा हुंकार अजून पुरतोय, पण सरत आलाय." त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या आई इतक्या मनापासून हाय म्हणाल्या!"

"गोष्ट संपायला किती वेळ आहे?"

"ते अजून त्यांच्या लहानपणातच आहेत."

हेमांगी उठून उभी राहायला गेली, तर डोकं खाली आलेल्या छताला टेकलं. ती वाकूनच उभी राहिली.

"आईला काही कळलं नव्हतं," ती म्हणाली. मग तिला वाटलं, आईवर ढकलून कसं चालेल? "मलाही कळलं नव्हतं. खिडकी, चटया, खुर्ची, एकदाही नाही. मी खोटीच मान डोलवत होते."

कुवाबारा-सानचे कान लाल झाले. एखादीचा पदर ढळावा आणि बघणाऱ्यानं नजर खाली घालावी, तशा त्या चटईकडे बघत राहिल्या. हेमांगीही तिकडंच बघत होती. तिला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण तेवढी जमीन उरली नव्हती.

"पण होकार तर दिला गेलाय," बाई हळूच म्हणाल्या.

"हो. आमच्या घरचा आहे तो. आईच्या जागी मी बसेन."

"काय बोलताय ते आता तरी कळतंय ना?"

"कळतंय. शब्द दिला."

बाईंनी बॅग खाली ठेवली. हेमांगीनं फोन लावला. आई पूजेत होती, तरी तिनं उचलला.

"आई, मला इथलं काही कळत नाही. मी खोटं सांगितलं. घासही चुकलाय, कितीतरी दिवस."

तिकडं पूजेची घंटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. "आज जेवलीस का?"

"नाही अजून. एका ठिकाणी जायचंय."

"मग कधी करशील फोन?"

 हेमांगीनं या वेळी हो म्हटलं नाही. "सांगता येत नाही गं," एवढंच म्हणाली.

तिनं केस विंचरले, घट्ट वेणी घातली आणि ती बाहेर पडली. टेकडीची वाट दुकानांच्या मागून जात होती. वरून एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता, संथ, न थकलेला. अर्थ कळत नव्हता, पण वाक्य कुठं संपतं ते कळत होतं. हेमांगीनं ओठ ओले केले आणि पाऊल उचललं.

पहिल्या वळणावर आवाज थांबला.

खाली रस्त्यावर सायकली उभ्याच्या उभ्या राहिल्या. दुकानासमोर सडा टाकणाऱ्या बाईच्या हातातलं पाणी वाकून हवेत थांबलं. वाटेवरच्या झाडांची पिवळी पानं गळता गळता मध्येच थबकली, खांद्याएवढ्या उंचीवर, हजारोंनी. हेमांगी ती पानं एकेक करून हातानं हळूच बाजूला सारत चढ चढू लागली.