रिंगणातली पोर

जानेफळच्या शिवारात एका टेकाडावर दगडगोट्यांचं मोठं रिंगण होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली मेलेली माणसं तिथं पुरली होती. खणायला मनाई असल्याचा सरकारी फलक होता आणि राखणीला कचरू होता.

पण नऊ वर्षांपूर्वी कचरूनंच तिथं खणलं होतं. पाचवीलाच गेलेली लेक. नावही ठेवलेलं नव्हतं. बाहेर कोल्हे उकरतील म्हणून त्यानं तिला रिंगणात पुरलं, वर दगड लोटला आणि तोंडाला कुलूप लावलं.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा पुरातत्त्व खात्याचे नीळकंठराव उत्खननाला आले. खड्डा आखायची त्यांची सुतळी नेमकी त्याच जागेवरून गेली. सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर लेक पेटीत भरून नागपूरला जाते. दोन दिवस कचरू माती वाहत राहिला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी साहेबांच्या कुंचल्याखाली वाटीएवढी कवटी आली. शेजारी काळं-तांबडं मडकं.

"तीन हजार वर्षांचं लेकरू!" साहेब हरखले. कुंचला पुढं सरकला आणि थांबला. तिथं दुसरी कवटी होती, पहिलीच्या कपाळाला कपाळ लावून.

"हे हाड अलीकडचं आहे. कचरू, इथं कोण आलं होतं?"

कचरूनं हातातली टोपली खाली ठेवली.

"माही पोरगी व्हय थे, सायेब. पन म्या तिचं तोंड तिकडं केलं होतं, गोट्याकडं. इथून हातभर दूर."

मग ती इकडं सरकली कधी, हे त्याचं त्यालाच कळेना.

साहेबांनी कुंचला खाली ठेवला. मग हलकेच म्हणाले, "तुझी तू घेऊन जा. जुना सांगाडा मला न्यावा लागेल."

कचरूची बायको पंचफुला भाकर घेऊन आली होती, ती काठावरच थबकली होती. आता ती खड्ड्यात उतरली.

"कोनाले नेता, सायेब? नऊ वर्सं झाली, इकडून रडनं आयकू येते. दोघींचं. याले सांगतलं तं म्हने, येडी झाली काय वं. एक चूप झाली का दुसरी चूप होते. एकलीले नेल्यावर दुसरीले कोन चूप करन?"

वारा पडलेला होता, तरी सुतळी थरथरत होती. साहेबांनी नोंदींच्या कागदाची घडी घातली.

"बुजवा," ते म्हणाले, आणि कचरूचा राखणदारीचा पितळी बिल्ला मागून घेतला.

कचरूनं मातीची टोपली उचलली. पण पहिली माती कुणाच्या अंगावर टाकायची, ते त्याला ठरवता येईना. शेवटी पंचफुलानं टोपली त्याच्या हातातून घेतली आणि डोळे मिटून दोघींच्या मधोमध रिकामी केली.