गार टोक

"ह्याला पाळताय की भाजताय?" प्राण्यांच्या डॉक्टरणीने विचारलं.

मी साहेबांना बुटांच्या खोक्यात टॉवेलवर झोपवून आणलं होतं. साहेब म्हणजे आमच्या घरचा सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुमचं काम आज होणार नाही, उद्या या. बिअर्डेड ड्रॅगन असं त्याच्या जातीचं दणदणीत नाव आहे. पण हल्ली या ड्रॅगनच्या पायांना कंप सुटला होता आणि नाकासमोर धरलेला किडासुद्धा त्याला पकडता येत नव्हता.

डॉक्टरणीने अंगठ्याने त्याचा जबडा हलकेच दाबून पाहिला. "मऊ पडलाय. दिवे कुठले लावता?"

"एका बाजूला टेबल लॅम्पचा बल्ब. खाली गरम होणारा दगड. दुसऱ्या बाजूला लाल बल्ब, तो रात्रभर असतो."

"रात्रभर? कशासाठी?"

"वहिनी म्हणते, अंधारात त्याला एकटं वाटेल."

"आणि ऊन?"

"दुपारी पेटी खिडकीशी सरकवते. काचेतून भरपूर ऊन येतं."

"काचेतून उजेड येतो हो. ह्याच्या हाडांना जे लागतं ते काचेच्या पलीकडेच राहतं." तिने पाठकोऱ्या कागदावर एक पेटी काढली. "इथे वरून ऊब देणारा दिवा, त्याच्याखाली बसायला फांदी. ही यूव्ही ट्यूब, पेटीच्या निम्म्याहून लांब. मध्ये काच नको, प्लॅस्टिक नको. आणि वर्षाच्या आत बदलायची. दिसायला ती चांगली लागलेली असते, पण आतलं संपलेलं असतं. दगड फेकून द्या, पोट भाजतं त्याने. रात्री सगळं बंद. आणि हे टोक गार."

"गार कशाला? थंडी वाजेल ना."

"वाजली तर येईल की दिव्याखाली. उकडलं की परत जाईल. ह्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, जाऊन-येऊन सांभाळतात ते. तुम्ही त्याला जायला जागाच ठेवली नाहीत. सगळीकडून नुसती माया लावून ठेवलीय."

ती हसली, मीही हसले. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं. सरड्यासाठी रडत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्या घरात सगळे मला आत्या म्हणतात. भाच्याची आत्या, म्हणून दादाही आत्या म्हणतो, वहिनीही, आणि पेपर टाकणाराही. मी एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. बोर्ड गेला, त्याच्याबरोबर मीही घरी आले. मग आईचं आजारपण, मग बाबांचं, मग भाच्याच्या परीक्षा. लग्न का झालं नाही ही गोष्ट वेगळी, आणि तशी ती फार मोठीही नाही. भाचा शिकायला लांब गेला तेव्हा "थोडे दिवस बघ गं आत्या" म्हणून साहेबांची पेटी माझ्या खोलीत ठेवून गेला. माझ्या खोलीत, कारण मी घरीच असते. 'ती घरीच असते' हे वाक्य आमच्याकडे माझ्यापेक्षाही जास्त राबतं.

मला कुणी वाईट वागवत नाही, आणि पंचाईत तीच आहे. छळलं असतं तर भांडून तरी निघाले असते. दादा ऑफिसातून येताना माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणतो. वहिनी माझ्याआधी जेवायला बसत नाही. मी गॅलरीत जरा उभी राहिले की आतून कुणीतरी शाल घेऊन येतं. "आत्याशिवाय ह्या घरातलं पान हलत नाही," असं दादा पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. त्या वेळी माझा जीव गुदमरतो, आणि मग गुदमरला म्हणून माझी मलाच लाज वाटते.

बोर्डावर माझ्या शेजारी चिमणी बसायची. दिवसभर कानाला हेडफोन असूनही हिची चिवचिव थांबत नसे, म्हणून चिमणी. नवरा गेल्यापासून ती समुद्राकाठच्या एका लहान गावात एकटीच राहते. पुढच्या खोलीत तिने लायब्ररी काढली आहे. "वरची खोली रिकामी आहे," ती फोनवर म्हणाली होती. "दुपारी मी झोपते तेव्हा तू काउंटरवर बस. सकाळी हवं तिथे हिंड, मी विचारणार नाही."

'मी विचारणार नाही' एवढेच शब्द मी किती तरी दिवस मनात घोळवत होते. पण दर वेळी तिला साहेबांचं कारण सांगायचे. सकाळी दिवे कोण लावणार, संध्याकाळी कोण मालवणार, पेटी खिडकीशी कोण सरकवणार? "म्हणजे तुझा सरडा म्हातारा होऊन मरेपर्यंत मी थांबायचं होय?" ती विचारायची. आणि ही जात दहा-दहा वर्षं जगते.

डॉक्टरणीने सांगितलं तसं मी सगळं करून घेतलं. ऊब द्यायचा दिवा, ट्यूब, दिव्याची ऊब हाताबाहेर जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट, आणि दिवे आपोआप लागावेत-विझावेत म्हणून टायमर. पहिल्याच दिवशी साहेब फांदीवर चढले आणि तोंड उघडं टाकून बसले.

"अगं, धाप लागलीय त्याला!" वहिनी घाबरून म्हणाली.

"धाप नाही. पुरेसं तापलं की तोंड उघडतो तो."

थोड्या वेळाने साहेब उतरले आणि सावकाश, कुणालाही न विचारता, गार टोकाला जाऊन पोट टेकून पसरले. मी पेटीसमोर जमिनीवर बसून बघत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला. सरड्याचा हेवा! पण वाटला खरा.

औषधांनी आणि उजेडाने कंप हळूहळू कमी झाला. एक दिवस साहेबांनी पहिल्याच झेपेत किडा मटकावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मधलं आजारपण माझंच होतं. आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

मी जेवतानाच विषय काढला. "मी चिमणीकडे जाईन म्हणते."

"जा की," दादा म्हणाला. "चार दिवस हवापालट होईल."

"चार दिवस नाही. राहायलाच."

वहिनीचा वाढता हात थांबला. "आमचं काही चुकलं का गं?"

"नाही गं, वहिनी."

"मग?"

जे चुकलं नाही त्याबद्दल कुणाशी काय बोलणार? "साहेबांचं सगळं आता घड्याळावर आहे," मी म्हणाले. "तुम्ही फक्त खायला घालायचं."

"साहेबांचं कोण विचारतंय?" दादाचा आवाज चिरकला. "तिथे तुला कोण बघणार?"

तो पानावरून उठला. पण त्याने मला जाऊ नकोस असं काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या दिवसांतही नाही. मी माळ्यावरची बॅग काढली. रविवारची गाडी ठरवली. चिमणीने वरच्या खोलीला रंग काढला आणि कुठला काढला ते सांगायला नकार दिला.

शनिवारी बाजारातून आले तर माझ्या खोलीच्या गॅलरीत दोन माणसं काचा बसवत होती. दादाने रजा टाकली होती. मला बघून तो लहान मुलासारखा हसला.

"बघ! खोली केवढी मोठी झाली तुझी. धूळ नाही, वारा नाही. इथे आरामखुर्ची टाकू. काचेतून दिवसभर ऊन येईल."

"त्याला काचेतलं चालत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगं, त्याला नाही. तुला म्हणतोय."

वहिनीने पदराने डोळे पुसले. "रात्र-रात्र झोपले नाहीत गं हे. आत्याला आपल्याकडे काय कमी पडलं, एवढंच चाललं होतं."

मी दादाकडे बघितलं. त्याच्या केसांवर भिंतीला भोकं पाडल्याची पांढरी भुकटी पडली होती, आणि माझ्या तोंडाकडे तो आशेने बघत होता. ह्या माणसाशी भांडता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी म्हणाले, "छान झालंय."

मग काचवाल्याला विचारलं, "एखादं तावदान उघडेल असं करता येईल का?"

त्याने दादाकडे पाहिलं. "सगळं पॅक सांगितलं होतं साहेबांनी."

"कर रे बाबा," दादा खुशीत म्हणाला. "आत्या म्हणेल तसं कर."

त्याने कोपऱ्यात एक वीतभर तावदान उघडझाप होईल असं बसवून दिलं. माणसं गेली, वहिनीने काचा पुसल्या, आणि संध्याकाळी आम्ही तिघांनी तिथे बसून चहा घेतला. दादा दोनदा म्हणाला की ही कल्पना आपल्याला आधीच सुचायला हवी होती. ते दोघं आत गेल्यावर मी फोन लावला.

"उद्या किती वाजता उतरतेस?" चिमणीने विचारलं.

"उद्या नाही जमत गं."

"साहेब पुन्हा आजारी का?"

"नाही. साहेब ठणठणीत आहेत."

ती गप्प झाली. एवढ्या वर्षांत चिमणी माझ्या कानात कधी गप्प बसली नव्हती. मग ती म्हणाली, "खोली दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"दे," मी म्हणाले.

फोन ठेवून मी ते तावदान उघडलं आणि हात बाहेर काढला. ते चार बोटंच उघडत होतं, हात कोपरापर्यंतच गेला. बाहेर अंधारत होतं, वारा सुटला होता, बोटं गारठली. मी तशीच उभी राहिले.

"आत्या," आतून दादाने हाक मारली, "गार वारा आत येतोय गं. लावून घे ना ते."

मी हात आत घेतला आणि तावदान लावून घेतलं.