बारा कोकरांची साक्ष

सरकारी जीपमध्ये कोकरं बसवायची नाहीत, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते फौजदार प्रियदर्शनी मॅडमनाही सांगता आलं नसतं. पण तोंड मात्र त्यांनी कच्ची कैरी चावल्यासारखं केलं होतं.

"हवालदार, आपण चोर धरायला निघालोय, जत्रेला नाही. उतरवा ती."

"ऱ्हाऊ द्या मॅडम, उपेगी पडत्याल," आप्पासो म्हणाला आणि बारावं कोकरू बाकाखाली सरकवलं.

रहिमतपूरजवळच्या रानात हरणाबाई या म्हाताऱ्या धनगरणीचा तळ पडला होता. सकाळी कोकरं जाळीत ठेवून तिनं मेंढ्या चरायला सोडल्या, घागर घेऊन ओढ्याकडं वळली, तेवढ्यात कुणीतरी बारा व्यालेल्या मेंढ्या टेम्पोत घालून नेल्या. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात टेम्पो दिसला, नंबरावरून मालक निघाला कुपवाडचा लालासाहेब. पण कोकरं होती चार-सहा दिवसांची. सकाळपासून दुधाचा थेंब नाही. दिवस मावळेपर्यंत आया मिळाल्या नाहीत तर एकही वाचत नव्हतं. आप्पासोचं बालपण वडूजच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं, त्याला हे कुणी सांगायला नको होतं.

मॅडम ऊसवाल्या बागायती घरातल्या, बाप फौजेतला सुभेदार. चहासुद्धा घड्याळ बघून प्यायच्या. आप्पासो तंबाखू मळल्याशिवाय उठायचा नाही. या दोघांना एका जीपमध्ये घालणाऱ्या साहेबानं घोडी आणि रेडा एकाच नांगराला जुंपला होता, दुसरं काय!

मॅडमनी गाडी अशी हाणली की आप्पासोनं खंडोबाला चार नवस बोलून टाकले.

"ए पोरी," मागच्या बाकावरून हरणाबाई ओरडली, "कोकरं हायत ती, उसाची मोळी न्हवं!"

"आजी, हळू गेले तर मेंढ्या पुढच्या गावाला जातील."

म्हातारीनं दोन कोकरं पदराखाली घेतली. "मग हाण!"

कुपवाडला एका बंद कारखान्याच्या फाटकाआत टेम्पो उभा होता, मेंढ्या अजून आतच. लालासाहेब कडक इस्त्रीत बाहेर आला आणि त्यानं मॅडमच्या हातात बाजाराची पावती ठेवली.

"आठ दिवस झाले विकत घेऊन. मेंढीवर काय मालकाचं नाव लिवलेलं असतंय का, मॅडम?"

पावती पक्की दिसत होती. मॅडमनी ती उलटीपालटी केली आणि आप्पासोकडं बघितलं. असं विचारल्यासारखं त्या कधी बघत नसत.

आप्पासोनं फळीच्या फटीतून हात घालून एका मेंढीची कास चाचपली. "दुधानं तटून दगडासारखी झालीया. आठ दिवस? मग पिल्लं कुठायत?"

"मेली."

"बारा बी?" आप्पासो हसला. "मॅडम, मेंढी दुसरीचं पोर थानाला लावत न्हाई. हुंगती आन् ढुशी मारती. जीपचं दार उघडा, कुणाची कोण ती मेंढीच सांगंल."

लालासाहेबही मेंढरांच्याच धंद्यातला, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं. उडी मारून तो टेम्पोत चढला आणि टेम्पो सुरू केला. मॅडम पळत जाऊन पायरीवर चढल्या, खिडकीतून स्टिअरिंगला लोंबकळल्या. आप्पासो मागच्या फाळक्याला लटकला. त्याच्या वजनानं खिट्टीच निघाली, फाळका पडला, खाली आप्पासो आणि त्याच्या पोटावरून मेंढ्या! जीपमध्ये कोकरं ओरडत होती, त्या आवाजावर मेंढ्या सुसाट निघाल्या.

फाटकाबाहेर शेजारच्या कारखान्यातून सुटलेल्या कामगारांच्या दुचाक्यांची गर्दी. टेम्पो अडला, मॅडमनी किल्ली उपसली. लालासाहेब दुसऱ्या दारानं उतरून पळाला तो थेट मेंढरांच्या पायांत येऊन पालथा पडला. आप्पासोला उठायचं होतंच. तो उठला आणि त्याच्या पाठीवर बसला.

हरणाबाईनं जीपमधली कोकरं खाली सोडली. एकेक मेंढी कोकरं हुंगत फिरली. परक्याला ढुशी, आपल्याला थान. मॅडम बोटावर मोजत होत्या. अकरा झाली. एक कोकरू मधोमध ओरडत उभं राहिलं. हरणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"अकराच कशा?" मॅडम टेम्पोकडं धावल्या. आत कोपऱ्यात दोरीत पाय अडकून बारावी मेंढी धडपडत होती. मॅडमनी गाठ दातानं सोडली आणि शेणानं भरलेली मेंढी छातीशी धरून खाली उतरवली. इस्त्रीच्या वर्दीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

कोकरू गुडघ्यांवर टेकलं, डोकं कासेत घुसवलं, शेपूट थरथरायला लागलं.

हरणाबाईनं कोकराच्या पाठीवरनं हात फिरवला. मग तिला आप्पासोखाली दबलेला लालासाहेब दिसला. "ऊठ की रं आप्पा, मरंल की त्यो!"

"थांब म्हातारे," आप्पासो हलला नाही, "आदी ह्या कोकराचं पोट भरू दे."

"बसा, बसा," मॅडम म्हणाल्या. "गडबड नाही."