गवती चहाचं सूप, वन बाय टू

“मॅडम?” पाण्याचा दुसरा ग्लास भरता भरता बारकूनं विचारलं.

“मुलीकडे. पुण्याला,” गांगुर्डे म्हणाले. “बाळंतपण आहे ना.”

हे बाळंतपण जूनपासून चाललं होतं. आता ऑगस्ट निम्मा झाला. मुलीचं अजून लग्न झालेलं नव्हतं, ही त्यातली आणखी एक अडचण. त्याआधी मार्च ते मे मॅडम माहेरी, मनमाडला होत्या.

सावळीराम गांगुर्डे सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला होते. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. ही थाप मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते न तपासता पास करत.

त्यांची बायको शुभांगी फेब्रुवारीत गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खी कॉलनी लोटली. तेव्हापासून दूधवाला, वाणी, बँकेतला शिपाई, जो भेटेल तो आधी मान तिरकी करायचा आणि मग बोलायचा. गंगापूर रोडवरचं हे एकच हॉटेल असं उरलं होतं, जिथं ती मेलेली नव्हती. इथं ती नुसती गावाला गेली होती.

हॉटेल तिनंच शोधलेलं. मेनूच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘पदार्थांना हलकासा आशियाई स्पर्श’. “का हो, नाशिक काय युरोपात आहे?” तिनं बारकूला विचारलं होतं. बारकू घोटीकडचा, तेव्हा नवा होता. तो मॅनेजरला विचारायला गेला. स्पर्श खरंच हलका होता. भरतावर तीळ, भोपळ्यात नारळाचं दूध आणि सूपमध्ये गवती चहा.

“हा तर आपल्या बाल्कनीतल्या डब्यात उगवतो,” गांगुर्डे म्हणाले होते.

“मग घरी करा सूप. आणि भांडीही घासा.”

त्यानंतर अकरा वर्षं इथंच. सूप नेहमी वन बाय टू, एकाचे दोन भाग. आपल्या बाऊलमधले लाल मिरचीचे तुकडे ती एकेक वेचून त्यांच्या बाऊलमध्ये टाकायची. “तुम्हाला चालतं,” म्हणायची. चालत नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी नाक पुसत सूप प्यायलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

“काय आणू, साहेब?”

“सूप आण. वन बाय टू.”

गेले पाच महिने ते आठवणीनं ‘एक सूप’ म्हणत. आज जीभ जुन्या वाटेनं गेली. चूक दुरुस्त करायला त्यांनी हात वर केला, तोवर बारकू आत गेलेला.

दोन बाऊल आले. एक त्यांच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. बारकूनं तिथला चमचाही सरळ करून ठेवला.

“अरे, सवयीनं बोललो मी. त्या तिकडे पुण्याला...”

“राहू द्या, साहेब.” बारकू टेबलावरचा न पडलेला थेंब पुसू लागला. “पेपरात फोटो बघितला व्हता मी, तेव्हाच. आतमधी समद्यांना ठाऊक हाय.”

गांगुर्ड्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मग दर महिन्याला विचारतोस कशाला रे?”

“नाय विचारलं असतं, तर तुम्ही परत आला नसता.”

एवढं बोलून तो शेजारच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेला. तिथली माणसं नूडल्सचे फोटो काढत होती.

गांगुर्ड्यांनी आपलं सूप संपवलं. सवयीप्रमाणे जाळ झाला, सवयीप्रमाणे नाक पुसलं. समोरचा बाऊल निवत होता. अन्न टाकलेलं तिला खपत नसे. त्यांनी तो हळूच पुढ्यात ओढला आणि मिरची बाजूला काढायला चमचा तळापर्यंत फिरवला.

एकही तुकडा नव्हता. आत कुणीतरी वेचून काढले होते.

ते सावकाश प्यायले. गवती चहा, थोडं आलं, शेवटी लिंबू. ती कोणत्या चवीचं सूप पीत होती, हे त्यांना अकरा वर्षांत आज कळलं. अजिबात तिखट नव्हतं.

नाक मात्र पुसावं लागलं.