रेवताबाईचा गडवा

जीप कारध्याकडे निघाली तेव्हापासून गोपीचंदचा जीव थाऱ्यावर नव्हता. वैनगंगेच्या पुलावर त्याने दोनदा घाम पुसला. शेजारचा गोरा साहेब मात्र खुशीत होता. नदीतले डोंगे बघायला लहान पोरासारखा मान बाहेर काढत होता.

हा साहेब म्हणजे परदेशी सरकारच्या मदतीतून आपल्या कस्टमच्या लोकांना तिकडे शिकायला नेणारा माणूस. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्याच तुकडीतून गोपीचंद गेला होता. मासे धरणाऱ्या घरचा पोर आणि थेट विमानात! जाणं-येणं, राहणं-खाणं सगळं तिकडच्या सरकारच्या पैशावर. त्या पैशाचं चीज झालं की नाही, हे बघायला साहेब दोन वर्षांनी इकडे फिरत होता आणि त्याला गोपीचंदचं घर बघायची हौस आली होती. साहेबाच्या हौसेला नाही कोण म्हणणार?

गोपीचंदला मात्र 'नाही' म्हणायचं होतं, ते एका गडव्यापायी. तिकडे शिकायला निघताना आईने, रेवताबाईने, घरातला पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, चिंचेने लखलखीत घासून त्याच्या हातात दिला होता.

"कोनाचं फुकट खाल्लं नाही आपन. ते लोक तुले पोसतीन, शिकवतीन, अन् तू हात हालवत जाशील काय? मोठ्या साहेबाले दे."

सरकारला काय गडवा देतात? गोपीचंदला लाज वाटली. नागपुरात ताराचंद नावाच्या सोबत्याच्या घरी गडवा ठेवून तो मोकळा झाला. परत आल्यावर आईने विचारलं, तर बेधडक म्हणाला, "दिला ना, माय. साहेबाले लय आवडला." पुढे ताराचंदची बदली झाली, गडव्याचा विषय मागे पडला. थाप पचली म्हणून स्वारी निर्धास्त होती.

आणि आज तोच साहेब अंगणात खाटेवर बसला होता. गोपीचंद बसे, उठे, परत बसे. बॅगेत काही लपवणाऱ्याचे डोळे नाही, पाय बघा, असं याच साहेबाने शिकवलं होतं. गोपीचंदचा डावा पाय थांबायचं नाव घेईना.

रेवताबाई पदर सावरून पुढे आली. "इचार त्यायले, गडव्यात पानी थंड राहते का?"

दुभाष्या तो एकटाच. त्याने साहेबाला इंग्रजीत विचारलं, आमचं गाव आवडलं का. साहेब भरभरून बोलला.

"राहते म्हनतेत, माय. लय थंड राहते."

रेवताबाईने मान डोलावली आणि आत गेली. बाहेर आली ती पाण्याने भरलेला गडवा घेऊन. काठावर 'मुरारी' असं गोपीचंदच्या बापाचं नाव कोरलेलं होतं.

"मागच्या पोळ्याले ताराचंद देऊन गेला," ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "तू आपल्या तोंडानं सांगशील म्हनून वाट पाह्यली."

साहेब घटाघटा पाणी प्याला. तिने रिकामा गडवा त्याच्याच हातात राहू दिला.

"आता सांग त्यायले. माह्या पोराले शिकवलं, त्याची ही भेट हाय. दोन वर्सं उशीर झाला. काहून झाला, थे पोरगाच सांगीन."

साहेब गडवा दोन्ही हातांत धरून हसऱ्या तोंडाने त्याच्याकडे बघत होता. गोपीचंदने घसा साफ केला आणि या खेपेला एक शब्दही न बदलता सांगायला लागला.